संकटकाळी कामी येणारी तार : हौशी रेडिओसाठी सुटसुटीत अँटेना

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली गाडली गेली. ही वार्ता बाहेरच्या जगाला कळली, ती कोणत्याही संदेशयंत्रणेमुळे नव्हे. नित्याच्या फेरीवर आलेल्या एस.टी. बसच्या चालकाला नेहमीच्या जागी गावच दिसेना, म्हणून. आपत्तीचा पहिला आघात माणसांवर होतो, तर दुसरा दळणवळणावर. वीज जाते, मनोरे बंद पडतात, तारा तुटतात आणि ज्या घटकेला संदेशाची सर्वाधिक निकड असते, त्याच घटकेला संदेशाचे सर्व मार्ग खुंटतात.

अशा प्रसंगी हौशी रेडिओचालकांनी, म्हणजेच ‘हॅम’ मंडळींनी, आजवर मोलाची सेवा बजावली आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हौशी रेडिओचालक आपले बिनतारी संच घेऊन मदतीस धावले. २६ जानेवारी २००१ च्या कच्छमधील भूकंपातही त्यांनी संदेशवहनाचा भार उचलला. डिसेंबर २००४ मध्ये श्रीमती भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचालकांचे एक पथक अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे प्रक्षेपणासाठी गेले होते. २६ डिसेंबर रोजी त्सुनामीच्या लाटांनी बेटांना तडाखा दिला, तेव्हा या पथकाने आपले नियोजित कार्यक्रम बाजूला ठेवून हजार किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या मुख्य भूमीशी संदेशांची देवाणघेवाण चालू ठेवली.

या कार्यात वापरला जाणारा संच बाजारात तयार मिळतो आणि तो मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो. अँटेना मात्र आयत्या वेळी, त्या जागी उपलब्ध असलेल्या झाडाच्या, बांबूच्या किंवा भिंतीच्या आधाराने उभारावा लागतो. उत्तम संचाला चुकीच्या लांबीची तार जोडली, तर त्याची शक्ती वाया जाते. उलट योग्य मापाच्या साध्या तारेच्या बळावर अल्पशक्तीचा संचही शेकडो किलोमीटर संदेश पोचवू शकतो. संदेशयंत्रणेचा हा सर्वांत स्वस्त, पण निर्णायक घटक कोणालाही घरी बनविता येतो. आणि ज्याने तो स्वतः बनविला आहे, त्यालाच तो भर पावसात, अंधारात दुरुस्तही करता येतो.

लहर आणि तार यांचे नाते

रेडिओलहरी दर सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर वेगाने प्रवास करतात. त्यामुळे कंप्रता मेगॅहर्ट्‌झमध्ये घेऊन ३०० या संख्येला तिने भागले, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. हौशी रेडिओच्या ‘४० मीटर’ पट्ट्यातील ७.१ मेगॅहर्ट्‌झ कंप्रता घेतल्यास तरंगलांबी ४२.२५ मीटर येते. झोपाळ्याला त्याच्या स्वाभाविक लयीत झोका दिला, की थोड्या जोरानेही तो उंच जातो. तसेच तारेचेही आहे. तिची लांबी तरंगलांबीच्या निम्मी असली, की ती त्या कंप्रतेला सहजपणे साद देते. या अवस्थेस अनुस्पंदन म्हणतात.

अर्ध्या तरंगलांबीची तार मध्यभागी तोडून तेथे संचाकडून येणारी केबल जोडली, की ‘डायपोल’ हा सर्वांत साधा व भरवशाचा अँटेना तयार होतो. प्रत्यक्षात तारेची टोके, तिची जाडी आणि जमिनीचे सान्निध्य यांमुळे ही लांबी हिशेबापेक्षा सुमारे पाच टक्के कमी ठेवावी लागते. म्हणून पुढील सूत्र वापरतात : १४२.५ भागिले कंप्रता (मेगॅहर्ट्‌झ) = तारेची एकूण लांबी (मीटर). त्यानुसार ७.१ मेगॅहर्ट्‌झसाठी एकूण लांबी २०.०७ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे १० मीटर येते. १४.२ मेगॅहर्ट्‌झसाठी एकूण लांबी १०.०४ मीटर, तर ३.६ मेगॅहर्ट्‌झसाठी ३९.६ मीटर होते.

डोंगरापलीकडे संदेश कसा जातो

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. महाडहून साताऱ्याशी किंवा चिपळूणहून पुण्याशी बोलावयाचे, तर मध्ये सह्याद्री उभा आहे. हातात धरावयाच्या छोट्या संचाच्या १४४ ते १४६ मेगॅहर्ट्‌झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगर त्यांना अडवितो. ७ मेगॅहर्ट्‌झच्या लहरींना मात्र दुसरा मार्ग उपलब्ध असतो. पृथ्वीपासून सुमारे अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबराचा थर या लहरी परतवून पुन्हा जमिनीकडे पाठवितो.

येथे कारंज्याचे उदाहरण उद्‌बोधक ठरेल. पाण्याची धार तिरपी सोडली, तर ती दूर जाऊन पडते आणि मधली जागा कोरडी राहते. तीच धार सरळ वर सोडली, तर तुषार सभोवार पडतात. डायपोल जमिनीपासून बराच उंच असेल, तर त्याची बरीचशी ऊर्जा तिरप्या दिशेने जाते व दूरच्या देशांशी संपर्क होतो. पण शेजारचा जिल्हा मात्र कोरड्या पट्ट्यात राहतो. तोच डायपोल जमिनीपासून केवळ चार ते सहा मीटर उंचीवर टांगला, तर ऊर्जा मुख्यतः वर जाते आणि परतून सभोवारच्या तीनशे-चारशे किलोमीटरच्या टापूत पसरते. मधला डोंगर कितीही उंच असला, तरी त्याची बाधा होत नाही. उंच मनोरा नाही म्हणून हताश होण्याचे कारण नाही, ते याचमुळे. जिल्ह्याजिल्ह्यांतील संपर्कासाठी बुटका अँटेनाच अधिक उपयुक्त असतो.

मात्र दिवस व रात्र यांचा भेद ध्यानात ठेवावयास हवा. सूर्यास्तानंतर आयनांबर विरळ होऊ लागते. मग ७ मेगॅहर्ट्‌झच्या सरळ वर गेलेल्या लहरी परत न येता अवकाशात निघून जाण्याचा संभव असतो. अशा वेळी ३.५ मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्याचा आश्रय घ्यावा लागतो. म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या मदतकार्यासाठी सुमारे ४० मीटर लांबीची दुसरी तारही सोबत असणे श्रेयस्कर ठरते.

सामग्री

७ मेगॅहर्ट्‌झच्या डायपोलसाठी लागणारी सामग्री तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळते. घरगुती वीजजोडणीसाठी वापरतात, ती एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची बहुपदरी तांब्याची वायर सुमारे २२ मीटर घ्यावी. एकेरी जाड तार वारंवार गुंडाळल्याने तुटते. बहुपदरी तार लवचीक राहते. निरोधक म्हणून पीव्हीसी पाइपचे बोटभर लांबीचे तीन तुकडे, बांधण्यासाठी नायलॉनची बारीक दोरी आणि संचापर्यंत नेण्यासाठी ५० ओहमची कोअ‍ॅक्सियल केबल, एवढे साहित्य पुरेसे आहे.

‘आरजी-५८’ नावाची बारीक केबल वाहून नेण्यास सोयीची असते. ७ मेगॅहर्ट्‌झवर तिच्या दहा मीटर लांबीत एक-दशांशाहूनही कमी शक्ती वाया जाते. ती न मिळाल्यास दूरदर्शन संचांच्या जोडणीसाठी केबलवाले वापरतात, ती ७५ ओहमची केबलही अडचणीच्या वेळी चालते. डायपोलचा स्वतःचा संरोध मोकळ्या जागेत सुमारे ७३ ओहम असल्याने या केबलशी त्याचे चांगले जुळते आणि ५० ओहमच्या संचालाही हा फरक सहन होतो.

पाइपच्या मधल्या तुकड्याला दोन्ही बाजूंस छिद्रे पाडून तारेचे दोन भाग त्यांत ओवून घट्ट पिळावेत. केबलचा मधला तांब्याचा गाभा तारेच्या एका भागाला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या भागाला झाळून जोडावी. केबलचे वजन या सांध्यावर येता कामा नये. यासाठी केबल पाइपच्या तुकड्याला दोरीने स्वतंत्रपणे बांधावी. जोडावर इन्सुलेशन टेप गुंडाळून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधावी. केबलच्या उघड्या टोकातून पावसाचे पाणी एकदा आत शिरले, की ते जाळीतून दूरवर झिरपते आणि ती केबल निकामी होते. पावसाळ्यातील अनेक बिघाडांचे मूळ या लहानशा दुर्लक्षात असते.

जोडाच्या लगेच खाली केबलचेच सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचे आठ-दहा वेढे घालून ते बांधून टाकावेत. या वेढ्यांमुळे प्रवाह केबलच्या बाह्य पृष्ठभागावरून संचाकडे परत येत नाही आणि केबलच अँटेनासारखी वागू लागण्याचा दोष टळतो.

उभारणी

एका आधाराने उभा राहणारा, दोन्ही बाजूंना उतरत्या छपरासारखा दिसणारा डायपोल क्षेत्रकार्यास सर्वांत सोयीचा असतो. त्यास ‘इन्व्हर्टेड व्ही’ म्हणतात. सुमारे सहा मीटर उंचीच्या बांबूच्या शेंड्याजवळ मधला निरोधक बांधावा. बांबूला तीन दिशांनी ताणदोऱ्या देऊन तो उभा करावा आणि तारेची दोन्ही टोके दोरीच्या साहाय्याने झाडांना किंवा खांबांना अशी बांधावीत, की ती जमिनीपासून किमान अडीच मीटर उंच राहतील. या मांडणीस सुमारे १९ मीटर लांबीची मोकळी जागा लागते. ताणदोऱ्यांसाठी थोडी अधिक. गावातील शाळेचे पटांगण यास पुरेसे आहे. तारेच्या दोन भागांतील कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. या मांडणीत डायपोलचा संरोध उतरून ५० ओहमच्या जवळपास येतो, हा आणखी एक लाभ आहे.

बांबू नसल्यास झाडाची फांदी उपयोगी पडते. बारीक दोरीला लहानसे वजन बांधून ते फांदीवरून पलीकडे टाकावे आणि मग त्या दोरीने अँटेना वर ओढून घ्यावा. शेतात पाखरे हाकण्यासाठी गोफण चालविणारा हात या कामी विशेष तरबेज ठरतो. वजन फेकताना समोर कोणी उभे नाही, याची खात्री मात्र अवश्य करावी.

माप जुळविणे

प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या तारेत लहरीचा वेग थोडा कमी होतो. त्यामुळे तिची योग्य लांबी सूत्राने दिलेल्या लांबीपेक्षा थोडी कमी भरते. तरीही तार प्रारंभी अधिकच ठेवावी. प्रत्येक बाजू १०.३ मीटर घेऊन आरंभ करावा. आखूड झालेली तार वाढविणे त्रासाचे असते, तर लांब तार दुमडणे सोपे.

तार योग्य मापाची आहे की नाही, हे स्थायी तरंगांच्या गुणोत्तरावरून, म्हणजेच ‘एसडब्ल्यूआर’वरून समजते. पुष्कळ संचांत ते मोजणारा मीटर अंतर्भूत असतो. गुणोत्तर १.५ असताना केवळ चार टक्के शक्ती अँटेनाकडून परत फिरते; २ असताना ११ टक्के, तर ३ असताना २५ टक्के. गुणोत्तर २ च्या आत असेल तर काम निर्वेध चालते. त्यापुढे अनेक आधुनिक संच स्वतःच्या रक्षणासाठी आपली शक्ती आपोआप घटवितात.

प्रथम पट्ट्यातील निरनिराळ्या कंप्रतांवर अल्पशक्तीने मोजणी करून गुणोत्तर कोठे सर्वांत कमी येते, ते पाहावे. ते इष्ट कंप्रतेच्या खाली येत असेल, तर तार लांब आहे. वर येत असेल, तर ती आखूड आहे. उदाहरणार्थ, सर्वांत कमी गुणोत्तर ७.० मेगॅहर्ट्‌झवर आढळले आणि काम ७.१ वर करावयाचे आहे, तर सूत्रानुसार प्रत्येक बाजू सुमारे १४ सेंटिमीटरने कमी करावी लागेल. दोन्ही बाजूंची टोके सारखीच दुमडून तारेवरच पिळावीत आणि पुन्हा मोजावे. माप निश्चित झाल्यावरही जादा भाग कापून न टाकता तसाच ठेवावा. जागा, जमीन आणि उंची बदलली, की हे माप थोडे हलते आणि तेव्हा हाच भाग कामी येतो.

एकच तार, दोन पट्टे

७.१ ची दुप्पट म्हणजे १४.२. या योगायोगाचा लाभ घेता येतो. डायपोलच्या प्रत्येक बाजूस मध्यापासून सुमारे ५ मीटरवर तार तोडून तेथे पाइपचा लहान तुकडा बांधावा आणि दोन्ही टोके जोडण्यासाठी मगरचिमटा लावावा. चिमटे जोडलेले असताना हा अँटेना ७ मेगॅहर्ट्‌झवर काम करतो व शेजारच्या जिल्ह्यांशी संपर्क साधतो. ते उघडले, की मधली दहा मीटर तार १४ मेगॅहर्ट्‌झसाठी योग्य होते आणि दिवसा दूरच्या राज्यांशी संधान बांधता येते. माप जुळविताना मात्र क्रम पाळावा. आधी चिमटे उघडून आतील भाग जुळवावा, नंतर ते जोडून बाहेरील भाग.

हातसंचासाठी छोटा अँटेना

मदत छावणी, रुग्णालय आणि पुराच्या काठावरील पथक यांच्यातील जवळचा संपर्क १४५ मेगॅहर्ट्‌झच्या हातसंचाने उत्तम साधतो. या संचासोबत मिळणारा रबरी आवरणाचा आखूड अँटेना सोयीचा असला, तरी दुबळा असतो. त्याऐवजी ‘ग्राउंड प्लेन’ हा अँटेना अर्ध्या तासात करता येतो. एसओ-२३९ जातीच्या चौकोनी सॉकेटच्या मधल्या टोकाला ४९ सेंटिमीटर लांबीची ताठ तांब्याची किंवा पितळेची काडी उभी झाळावी. सॉकेटच्या चार कोपऱ्यांतील छिद्रांत सुमारे ५१ सेंटिमीटर लांबीच्या चार काड्या बसवून त्या ४५ अंशांनी खाली वाकवाव्यात. आडव्या काड्यांमुळे संरोध सुमारे ३६ ओहम राहतो. त्या खाली वाकविल्याने तो ५० ओहमच्या जवळ येतो. काड्यांच्या टोकांना छोटे वेटोळे केल्यास डोळ्यांना इजा होण्याचा धोका टळतो.

हा अँटेना बांबूवर चढविण्याचा लाभ किती, हे साध्या हिशेबाने कळते. सपाट भूभागावर अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्यास ४.१२ ने गुणले, की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. माणसाच्या हातातील, दीड मीटर उंचीवरील संचासाठी ते सुमारे ५ किलोमीटर, तर नऊ मीटर उंचीवरील अँटेनासाठी १२ किलोमीटरहून थोडे अधिक येते. दोन्ही ठिकाणची अंतरे मिळवून संपर्काची मर्यादा ठरते. म्हणजे दोन हातसंचांत १० किलोमीटर, तर एका बाजूस उंच अँटेना असल्यास १७ किलोमीटर. घरे, झाडे व टेकड्या यांमुळे प्रत्यक्षातील अंतर घटते; तथापि उंचीचे महत्त्व त्याने कमी होत नाही. केबल मात्र आवश्यक तेवढीच ठेवावी. १४५ मेगॅहर्ट्‌झवर आरजी-५८ केबलच्या दहा मीटर लांबीत सुमारे एक-तृतीयांश शक्ती नष्ट होते.

सावधगिरी

अँटेना उभारताना सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा असतो. बांबू किंवा तार कोणत्याही दिशेने कोसळली, तरी ती वीजवाहिनीला स्पर्श करणार नाही, एवढे अंतर राखलेच पाहिजे. पुरात किंवा वादळात वीज गेली आहे, म्हणून तारा निर्जीव आहेत असे गृहीत धरणे घातक ठरते. पुरवठा कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतो. प्रक्षेपण चालू असताना डायपोलच्या टोकांशी उच्च विद्युत्‌दाब असतो व स्पर्श झाल्यास भाजते. म्हणूनच टोके हाताच्या टप्प्याबाहेर ठेवावयाची. मृगापूर्वीच्या वळिवात किंवा परतीच्या पावसात मेघगर्जना ऐकू येताच प्रक्षेपण थांबवून केबल संचापासून काढावी, घराबाहेर ठेवावी आणि अँटेनापासून दूर जावे. ताणदोऱ्यांना रंगीत चिंध्या बांधल्या, तर अंधारात कोणी अडखळत नाही.

सरावाची आवश्यकता

हौशी रेडिओवर प्रक्षेपण करण्यासाठी केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना मिळवावा लागतो. शाळकरी विद्यार्थ्यांनाही ही परीक्षा देता येते. परवाना हाती येईपर्यंत तार मोजणे, जोड झाळणे, बांबू उभारणे हे शिक्षण थांबविण्याचे कारण नाही. हाच डायपोल लघुलहरींच्या साध्या रेडिओला जोडून दूरची केंद्रे ऐकता येतात आणि तारेची दिशा व उंची बदलली, की ऐकू येणाऱ्या आवाजात काय फरक पडतो, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या कानांनी पडताळून पाहता येते. विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहिलेल्या तरंगलांबीचा अर्थ पटांगणातील दहा मीटर तारेने अधिक लवकर उमगतो.

परवानाधारकांनी मात्र आपत्तीची वाट न पाहता सराव करावयास हवा. घरी एकदा जुळविलेला अँटेना डोंगरमाथ्यावर, नदीकाठी, शाळेच्या ओट्यावर अशा निरनिराळ्या ठिकाणी उभारून पाहावा. दोन माणसांना तो उभारण्यास किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून नोंदवावे. काम अंधारात, केवळ विजेरीच्या उजेडात, ओल्या दोरीने करून पाहावे. कारण प्रत्यक्ष प्रसंगी परिस्थिती तशीच असते. सरावात तुटलेला जोड ही अडचण असते, आपत्तीत तुटलेला जोड ही मुकी झालेली छावणी असते.

पावसाळ्याच्या तोंडाशी शेतकरी औतफाट्याची डागडुजी करून ठेवतो, त्याच वेळी हौशी रेडिओचालकानेही आपली तार उलगडून पाहावी. केबलची टोके कोरडी आहेत का, दोरी कुजली आहे का, चिमट्यांना गंज चढला आहे का, हे तपासावे. प्रत्येक पट्ट्यासाठी टोक कोठवर दुमडावयाचे, त्या जागी रंगीत टेपची खूण करावी. मापे लिहिलेला पुठ्ठ्याचा तुकडा तारेच्या गुंडाळीलाच बांधून ठेवावा. ज्याने ती तार कापली, तो प्रत्यक्ष प्रसंगी तेथे असेलच असे नाही. दुसऱ्या कोणाच्या हाती ती गुंडाळी पडली, तरी पुठ्ठ्यावरील चार ओळी वाचून त्याला अँटेना उभारता आला पाहिजे.